काठोकाठ भरलेल्या सोळा वाट्या

अक्कांनी सोळाच्या सोळा वाट्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. वर पदराने कपाळ पुसत, आणखी हवं का म्हणून मलाच विचारत होत्या, "मास्तर, आखो पानी लागी का?"

मी वाट्यांकडे बघितलं, मग अक्कांकडे बघितलं, मग पुन्हा वाट्यांकडे. प्रत्येक वाटीत एकेक तुळशीचं पानही तरंगत होतं. मी फक्त हातपाय धुवायला विहिरीच्या पलीकडे गेलो होतो. तेवढ्यात हे झालं होतं.

समोर पंचवीस-तीस शेतकरी घोंगड्यांवर बसलेले. डाव्या हाताला, विहिरीच्या काठावर, हिरव्या रंगाचं नवं कोरं ऑईल इंजिन. त्याच्यासमोर उकिडवे बसलेले गनीभाई मिस्त्री. आणि माझ्या डोक्यावर उभे आमचे साहेब, म्हणजे जळगावच्या इंजिनाच्या दुकानाचे एजंट, हातात घड्याळ धरून. म्हणाले, "हं मास्तर, करा सुरू."

करा सुरू! काय सुरू करू, कपाळ?

ज्यांनी जलतरंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिनी मातीच्या वाट्या असतात, मोठ्यापासून लहानापर्यंत. त्या अर्धगोलात मांडायच्या, मध्ये आपण बसायचं आणि वेताच्या दोन काड्यांनी वाटीच्या काठावर टिचकी मारायची. सूर वाटीतून निघतो, पण तो कुठला निघणार हे पाणी ठरवतं. पाणी वाढवलं की सूर उतरतो, कमी केलं की चढतो. एक चमचा इकडेतिकडे झाला की गंधाराचा गंधार राहत नाही. त्या सोळा वाट्या मी सकाळी तास दीड तास खपून लावल्या होत्या. कुठे निम्मं पाणी, कुठे पाऊण, कुठे बोटभर. आता सगळ्या सारख्याच तुडुंब. म्हणजे सोळा माणसांनी एकाच वेळी जेवण जास्त झाल्याची तक्रार करावी, तसा त्यांचा आवाज येणार होता.

"अक्का," मी म्हणालो, "हे कशाला केलंत?"

अक्का म्हणजे या मळ्याच्या मालकाची, नानांची, थोरली बहीण. वय साठीच्या पुढे. घरातलं आणि मळ्यातलं पानसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय हलत नव्हतं. त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कशाले म्हंजे? शुभ काम शे. पाहुणासमोर अर्धी वाटी ठेवतस का कोनी? लोके काय म्हनतीन, नानानी बहीण पानीले बी कंजूस शे!"

बाईचं चुकलं असं म्हणायला जागाच नव्हती. चूक माझी होती. मी वाट्या उघड्या टाकून गेलो होतो.

आता मी तिथे काय करत होतो ते सांगितलं पाहिजे. जळगावला तंबूतला सिनेमा चालायचा, मुका. पडद्यावर चित्रं हलायची आणि पडद्याखाली आम्ही चौघं बसून वाजवायचो. पेटी, तबला, सारंगी आणि माझं जलतरंग. पडद्यावर पाऊस आला, नदी आली, कारंजं आलं की काम माझं. देवादिकांच्या चित्रांत पाणी फार असतं, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. सहा वर्षं मी त्या तंबूत पाणी पाडलं. गल्लीतली पोरं मला "पाणीवाले मास्तर" म्हणायची.

मग बोलपट आला. ज्या दिवशी ते मशीन तंबूत आलं, त्या दिवशी मी नेहमीसारखा वाट्या लावून बसलो होतो. पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि पडद्यातूनच आवाज आला. पापड तळल्यासारखा. मी काड्या उचललेल्या तशाच राहिल्या. मालक पुढे आले आणि म्हणाले, "मास्तर, जरा वाट्या उचला, तिथे स्पीकर ठेवायचाय." बस्स. एवढाच आमचा निरोप समारंभ. तंबूत चारशे माणसं होती, एकानेही मागे वळून पाहिलं नाही. राग आला हो, खूप राग आला. पण राग कुणावर काढणार? पडद्यावर?

चार महिने घरी बसलो. आमच्या मेव्हण्यांनी मग एका जिनिंगमध्ये शब्द टाकला. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिथे काट्यावर माणूस हवा होता, कापसाच्या गाड्यांचं वजन करायला. सोमवारी हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. घरून रोज एकच प्रश्न, "जाताय ना?" मी रोज म्हणायचो, "बघू."

त्याच आठवड्यात हे साहेब भेटले. इंजिनं विकायची त्यांची तऱ्हा निराळी होती. गावात जायचं, एखाद्या बागाईतदाराच्या विहिरीवर इंजिन बसवायचं, आसपासचे शेतकरी गोळा करायचे आणि सगळ्यांसमोर पाणी काढून दाखवायचं. याला ते 'डेमॉन्स्ट्रेशन' म्हणत.

मला म्हणाले, "मास्तर, लोक इंजिनाला बिचकतात. तुम्ही आधी पाण्याचं काहीतरी गोड गोड वाजवायचं. माणसं जमली, मनं मऊ झाली, की मी इंजिन दाखवतो."

"म्हणजे गारुड्याची पुंगी?"

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. "भडगावजवळ गिरणा नदीच्या काठी नाना म्हणून एक बागाईतदार आहेत. त्यांनी इंजिन घेतलंय. शनिवारी तिथे डेमॉन्स्ट्रेशन. तिथून आणखी दोन ऑर्डरी आल्या तर तुम्ही पर्मनंट. दर महिन्याला पगार, खानदेशभर फिरणं आणि रोज प्रोग्राम."

पर्मनंट! जलतरंग वाजवून पर्मनंट! मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "आणि नाही आल्या ऑर्डरी तर?" मी म्हणालो, "तर सोमवारी काट्यावर." तिने पोह्याची ताटली माझ्यापुढे आदळली, त्यावरून तिला पटलं असं मी धरलं.

आम्ही शुक्रवारी संध्याकाळी त्या मळ्यावर पोचलो. बैलगाडीत माझी बाजाची पेटी मावेना. साहेब म्हणाले, "पेटी कशाला? वाट्या आहेत ना?" आणि पेटीच्या जागी रॉकेलचा डबा चढला. पेटीचा सूर धरून मी वाट्या लावतो हे त्यांना सांगितलं, पण रॉकेलपुढे आमचं काय चालणार.

मळ्यात मोट चालू होती. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल. नाड्याला बांधून विहिरीत सोडायची, बैल उतारावरून पुढे गेले की ती भरून वर येते आणि दगडी थारोळ्यात रिकामी होते. तिथून पाणी पाटाने केळीत. मोट हाकत होते सुका आबा. वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, पण आवाज असा की गिरणेच्या पल्याड जावा. बैल हाकताना ते गात होते आणि गाणं जागच्या जागी रचत होते. "चाल मन्हा ढवळ्या, मालक झोपेल शे, पानी जागं शे." मालक म्हणजे नाना तिथेच खाटेवर आडवे होते. ते नुसते हसले.

मी थारोळ्यापाशी बसलो आणि ऐकत राहिलो. सहा वर्षं पाणी वाजवलं, पण तंबूत बसून. खऱ्या पाण्यापाशी असा कधी बसलोच नव्हतो. खोटं कशाला बोलू, मला माझीच लाज वाटली. मोट वर येताना लाकडी चाक कुरकुरायचं. एकच सूर, लांब, न हलणारा. मग मोट उलटायची, धबक. मग धार. मग धार बारीक होत होत नुसते थेंब. आणि तोवर बैल मागे मागे येत धावेच्या, म्हणजे त्या उताराच्या, वर. मी तिथेच दोन वाट्या काढल्या आणि त्या चाकाच्या सुराला सा धरून एक चाल बांधायला घेतली.

सुका आबा बैल थांबवून ऐकायला आले. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमनं पानी शहरनं शे."

"म्हणजे?"

"नळनं पानी शे ते. एकसारखं पडस. मोटनं पानी पहिले आंगवर येस, मंग लाजस."

हा माणूस कुठल्या गाण्याच्या शाळेत गेला नव्हता. पण सहा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. मी चाल मोडली आणि पुन्हा बांधली. पहिले चाकाचा लांब सूर, मग सगळ्या वाट्यांवरून एकदम कोसळणारी तान, मग हळूहळू विरळ होत जाणारे थेंब, शेवटी पाट केळीत शिरतो तसा खालच्या पट्टीतला सावकाश भाग. सुका आबांनी मान डोलावली. "आते बरोबर शे," म्हणाले आणि तंबाखूची चिमूट माझ्यापुढे केली.

तर ती चाल आज वाजवायची होती. आणि वाट्या अशा.

"साहेब, अर्धा तास द्या," मी म्हणालो.

"अर्धा तास? अहो, पाणीच आहे ना? जरा जास्त झालं तर काय बिघडतं?"

"तुमच्या इंजिनात रॉकेलऐवजी ताक घातलं तर काय बिघडतं?"

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. पण मला खरं वाचवलं ते गनीभाईंनी. त्या जातीच्या इंजिनाला डोकं असतं, लोखंडाचा पोकळ गोळा. ते डोकं आधी ब्लो-लॅम्पच्या ज्योतीने लालबुंद तापवायचं, मग जडशीळ चाक हाताने फिरवायचं, मग इंजिनाच्या मनात आलं तर ते पेट घेतं. गनीभाई तोंड वर करून म्हणाले, "साहब, अभी डोका थंडा है. टाइम लगेगा." आणि पुढे म्हणाले, "और पंप में पानी डालना पडेगा."

पंपाचं असं असतं की त्याला विहिरीतून पाणी ओढायचं तर आधी त्याच्या पोटात आणि पाइपात पाणी भरावं लागतं. याला प्रायमिंग म्हणतात. जावयासारखं काम आहे. आधी पोटभर पाजा, मग तो हलणार. पाच-सहा हंडे तरी पाणी हवं होतं, आणि घरातले सगळे हंडे आदल्या रात्रीच्या पंगतीत रिकामे झाले होते.

नाना म्हणाले, "त्यात काय? सुका, मोट जुंप."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मोट मोडीत काढायला इंजिन आणलेलं आणि त्या इंजिनाला पाणी पाजायला मोट! "नाना, मोट नको, लोकांवर इम्प्रेशन वाईट पडेल," ते कुजबुजले. पण घोंगडीवरच्या एका म्हाताऱ्याने ऐकलंच. तो मोठ्याने म्हणाला, "अरे वा! इंजिनले बी मोटनंच पानी लागस!" सगळे हसले. साहेबांनी टोपी काढून वारा घेतला.

बैल जुंपले गेले. मोट खाली गेली, वर आली, आणि चाक कुरकुरलं. सापडला! माझा सा सापडला! पेटी नाही तर नाही, सकाळसारखंच चाक होतं. मी मांडी ठोकली आणि वाट्या लावायला घेतल्या. तुळशीचं पान काढ, चमच्याने पाणी काढ, टिचकी मार, चाकाचा सूर ऐक, पुन्हा चमचा. मोट वर आली की सूर मिळायचा, खाली गेली की मी वाट बघायचो.

अक्का येऊन माझ्याशेजारी बसल्या. काढलेलं पाणी टाकायला मी तांब्या शोधत होतो, त्यांनी स्वतःच पुढे केला. मी एका वाटीवर टिचकी मारली, एक चमचा पाणी काढलं आणि पुन्हा टिचकी मारली.

"आं?" अक्का म्हणाल्या. "आखो कर."

मी पुन्हा केलं.

"अग्गं माय! एक चमचामा इतला फरक?"

"हो अक्का. म्हणून अर्धी ठेवतात."

अक्का तांब्या धरून बसून राहिल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही सकायपाशी हाई करी राहिनथात. आनि मी बठ्ठं बुडाई टाकं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हटलं, जाऊ द्या हो अक्का, माझंच चुकलं, झाकून जायला हवं होतं. पण त्यांना ते लागलं होतं.

अर्ध्या तासाने वाट्या लागल्या. पंपाचं पोट भरलं होतं. इंजिनाचं डोकं लाल झालं होतं, पण इंजिन पेट घेत नव्हतं. गनीभाई चाक फिरवून फिरवून घामाघूम झाले होते. साहेब माझ्याकडे धावत आले. "मास्तर, आता वाजवा! काहीही वाजवा, पण माणसं उठू देऊ नका!"

काहीही कशाला वाजवू? मी सुका आबांकडे बघितलं. त्यांनी बैलांच्या पाठीवर थाप मारली. चाक कुरकुरलं आणि त्या सुरात मी सुरुवात केली.

घोंगड्यांवरची कुजबूज थांबली. मोट वर आली, धबक झालं, आणि त्याच क्षणाला माझी तान कोसळली. एक जण मोठ्याने "हां!" म्हणाला. आबांनी गायला सुरुवात केली, आज त्यांच्या गाण्यात इंजिनही आलं होतं आणि त्याला ते काय काय म्हणत होते ते मी इथे लिहू शकत नाही. लोक हसत होते आणि ऐकत होते. या माणसांनी जन्मभर मोट ऐकली होती. आज ती कुणीतरी त्यांना चिनी मातीच्या वाट्यांतून परत ऐकवत होतं. थेंब संपत आले. आता पाट केळीत शिरायचा होता, माझा सगळ्यात आवडता भाग.

आणि इंजिन सुरू झालं.

थड. थड. थडथडथडथड. कावळे उडाले, बैल बुजले, सुका आबांनी मोट कशीबशी सावरली. सगळी माणसं एकदम उठून इंजिनाकडे धावली. पाइपातून मांडीएवढी धार थारोळ्यात पडायला लागली. आणि खरं सांगतो, धार झकास होती. मोटेला तासभर लागावा तेवढं पाणी पाच मिनिटांत. मला कुणी इंजिनाचा शत्रू म्हणू नये. नानांची केळी त्या पाण्याची वाट बघत होती आणि नानांचे डोळे आनंदाने चमकत होते.

पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. जमीन हादरत होती. वाट्यांतल्या पाण्यावर बारीक बारीक कडी उठत होती. मी काड्या खाली ठेवल्या. तंबूत ठेवल्या होत्या तशाच. मनात म्हटलं, चला, उचला वाट्या, इथेही कुणीतरी काहीतरी ठेवायला येईल. सवय झाली होती आता.

तेवढ्यात बघतो तर अक्का उठल्या होत्या. गर्दीतून वाट काढत त्या नानांपाशी गेल्या आणि ओरडल्या. ओरडावंच लागत होतं. "नाना, बंद कर ते!"

"काय?"

"बंद कर म्हनस मी!"

"अक्का, आते तं चालू व्हयनं ते!"

"आते चालू व्हयनं ना? मंग आखो व्हयी. मास्तरनं अर्धं राहेल शे."

साहेब मध्ये पडले. "अहो बाई, भलतंच काय! डेमॉन्स्ट्रेशन चालू आहे! बंद केलं तर डोकं थंड होईल, पुन्हा सगळं पहिल्यापासून!"

अक्कांनी साहेबांकडे वळूनही पाहिलं नाही. भावाला म्हणाल्या, "मी त्यासन्या वाट्या बिघाड्यात. तरी त्यासनी मन्हासाठे आखो लाव्यात. अर्धी वाटी मी आजलगून कोनले दिधी नही, अर्धं गानं बी मी घेवाव नही."

नानांनी एकदा धारेकडे बघितलं. एकदा बहिणीकडे बघितलं. मग गनीभाईंना हाताने खूण केली.

गनीभाईंच्या हातांना फोड आले होते. त्यांनी आभाळाकडे बघून काहीतरी म्हटलं आणि रॉकेल तोडलं. थड, थड. थड. बंद. धार बारीक झाली आणि तुटली. थारोळ्यातून पाटात सरकणारं पाणी ऐकू यायला लागलं.

मी काड्या उचलल्या. इंजिनाच्या थरथराटाने दोन वाट्यांतून थोडं थोडं पाणी सांडलं होतं, ते चमच्याने घातलं. सुका आबांनी बैल पुन्हा धावेवर आणले होते. चाक कुरकुरलं. मी पाट केळीत सोडला. अगदी सावकाश, आमच्या बापाने वाजवलं नसेल इतकं सावकाश. अक्का माझ्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या, हातात तो पाण्याचा तांब्या तसाच. शेवटची टिचकी मारली आणि वाटी पुरती थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

मग अक्का म्हणाल्या, "आते व्हयनं. आते लावा तुमनं इंजिन."

इंजिन काही लागलं नाही. दिवस मावळेपर्यंत नाही. गनीभाईंनी तीनदा डोकं तापवलं, साहेबांनी कोट काढून स्वतः चाक फिरवलं, आलेल्या शेतकऱ्यांपैकी चार तगड्यांनी हौसेने फिरवलं. इंजिन गुरगुरायचं आणि बसायचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. माणसं एकेक करून उठली. जाताना मला रामराम करून गेली आणि साहेबांना म्हणाली, "पुढला साल दखसूत." ऑर्डर एकही नाही.

परतीच्या गाडीत साहेब रॉकेलच्या डब्यावर बसले होते. स्टेशन दिसायला लागल्यावर म्हणाले, "मास्तर, तुम्हाला इंजिन विकायला नेलं होतं. तुम्ही मोट विकून आलात."

"साहेब, मी काही..."

"राहू द्या. इंजिनाचा आवाज झाला की गर्दी आपोआप जमते हे आज मला कळलं. पुंगीची गरज नाही." नंतर जरा नरमले आणि म्हणाले, "वाजवलंत मात्र छान." माणूस वाईट नव्हता. त्यालाही वर कुणीतरी साहेब असणार.

सोमवारी मी काट्यावर हजर झालो. हिने डब्यात दोन पुरणपोळ्या जास्त घातल्या. पुढे स्वातंत्र्य आलं, जिनिंगचे मालक बदलले, काटा बदलला, मी तिथेच. कापसाच्या गाड्या मोजता मोजता निवृत्त झालो. जलतरंग घरी वाजवायचो, गणपतीत कधी बाहेर. पोट मात्र काट्यानेच भरलं, उगाच बढाई कशाला.

नानांचं इंजिन आठवड्याने सुरू झालं आणि चांगलं चाललं. दोन वर्षांनी बाजाराच्या दिवशी सुका आबा मला जळगावात भेटले. नानांनी त्यांना काढलं नव्हतं, इंजिनाला तेल घालायला ठेवलं होतं. मी विचारलं, "आबा, इंजिनाला गाणं म्हणता की नाही?"

"त्याले गानं लागत नही मास्तर," आबा म्हणाले. "त्याले शिव्या लागतस. त्या मी देस."

कधीतरी कुणी विचारतं, कला सोडून जन्मभर काट्यावर बसलात, वाईट नाही वाटलं? वाटलं ना. दगड आहे का मी? पण तंबूत चारशे माणसांसमोर ज्याला वाट्या उचलायला सांगितल्या, त्याच माणसासाठी एकदा एका बाईने चालू इंजिन बंद करायला लावलं. तेवढ्यावर माझी पुष्कळ वर्षं निघाली.

धंद्यातला धडा विचाराल तर छोटा आहे. जलतरंग लावून झालं की वाट्यांवर फडकं टाकल्याशिवाय जागा सोडू नये. शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो आणि एक फडकंही देतो. त्यांना मी एवढंच सांगत नाही की त्या दिवशी मी फडकं टाकलं असतं, तर माझ्या वाट्या सुरात राहिल्या असत्या आणि इंजिन कुणीही बंद केलं नसतं.